अनायराच्या आईचं नाव

सोमवारी सकाळी अकरा वाजता रिसेप्शनवरून फोन आला.

"मॅडम, एक ताई आल्यात धुळ्याहून. कालची पुरवणी हातात आहे. बसा म्हटलं तर बसत नाहीत."

"काम काय म्हणतात?"

"म्हणतात, ज्याने हे छापलं त्याला खाली बोलवा."

कालच्या पुरवणीचं ते पान मीच सोडलं होतं. पान सोडणं म्हणजे तपासून छपाईला पाठवणं. एकदा सोडलेलं पान परत घेता येत नाही. मी खाली गेले.

बाई पन्नाशीच्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, चष्मा, खांद्याला ऑफिसला नेतात तशी पर्स. पुरवणीच्या चार घड्या घातलेल्या होत्या आणि आमचं सदर बरोबर वर आलेलं होतं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"मी अनायराची आत्या."

काय झालं असावं ते मला तिथेच कळलं. वाचकांना कळण्यासाठी तीन आठवडे मागे जावं लागेल.

तेव्हा मी जळगावच्या एका दैनिकात सीनियर सब-एडिटर होते. बातमी आणतो तो रिपोर्टर. आलेली बातमी तपासतो, कापतो, तिला मथळा देतो तो सब-एडिटर. रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या प्रश्नांचं एक सदर होतं आणि ते माझ्याकडे होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न यायचे. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव कसं लावायचं, दहावीनंतर डिप्लोमा की अकरावी, असे. उत्तरासाठी मी एक नियम ठेवला होता. डेस्कवर बसून सल्ला द्यायचा नाही. जो त्यातून गेला असेल त्याला विचारायचं आणि त्याचं म्हणणं छापायचं. नाव छापू नका असं कोणी म्हटलं तर छापायचं नाही.

एक दिवस हा मेसेज आला:

"मॅडम नमस्कार. मी दोंडाईचाची. मुलगी दहा महिन्यांची आहे. बारशाला तिच्या आत्यांनी नाव ठेवलं, अनायरा. आत्या धुळ्याला असतात. नाव छान आहे, सगळ्यांना आवडलं. पण मला शंका आहे की हे नाव तिला मोठेपणी शोभेल का. आता बाळ आहे, गोड वाटतं. पण ती चाळीस-पन्नास वर्षांची झाली, कुठे नोकरीला लागली, सासरी गेली, तर लोक काय म्हणतील? जन्मदाखल्यावर अजून नाव टाकलेलं नाही. वर्षाच्या आत टाकायचं आहे. घरात विचारता येत नाही. कृपया माझं नाव छापू नये."

मेसेजखाली नाव नव्हतं. मीही विचारलं नाही. छापायचं नव्हतं.

दाखल्याची अडचण खरी होती. बाळ जन्मलं की दवाखाना नगरपालिकेला कळवतो आणि जन्माची नोंद होते. त्या वेळी बहुतेक बाळांना नाव नसतं, म्हणून नावाचा रकाना रिकामा राहतो. वर्षाच्या आत आईवडिलांनी जाऊन नाव सांगितलं की काम सरळ होतं. मात्र रकान्यात एकदा नाव गेलं की मग ते बदलणं फार किचकट. पाळण्यातलं नाव तोंडी असतं, दाखल्यावरचं शेवटपर्यंत पुरतं. या बाईकडे दोन महिने उरले होते.

मी मेसेज आमच्या निवासी संपादकांना दाखवला. जळगाव आवृत्तीचं सगळं त्यांच्याकडे होतं. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे.

"चांगला विषय आहे," भाऊ म्हणाले. "सोबत शंभर नावांची यादी टाका. मुलींची, नवीन. लोक कापून ठेवतात."

"यादीने उत्तर मिळत नाही, भाऊ."

"उत्तर कोणाला पाहिजे? यादी पाहिजे असते."

"तिने यादी मागितली नाही. शोभेल का, असं विचारलंय."

"मग ज्योतिषाला विचारा."

"ज्यांची नावं त्यांच्या लहानपणी फॅशनची होती, त्यांना विचारते. त्या बायका आता पन्नाशी-साठीत आहेत. डिंपल, स्वीटी, बेबी, पिंकी."

भाऊंनी चष्मा काढला. हे त्यांना पटल्याचं लक्षण होतं.

"दोन कॉलम देतो," ते म्हणाले. "आणि यादी."

तालुक्याच्या गावी आमचे स्ट्रिंगर होते. स्ट्रिंगर म्हणजे पगारी नसलेला, बातमीपुरता जोडलेला माणूस. त्यांच्या ग्रुपवर मी टाकलं, पन्नाशीच्या पुढची डिंपल, स्वीटी, बेबी, पिंकी पाहिजे. पहिली काही मिनिटं ग्रुपवर चेष्टाच चालली. एकाने विचारलं, "मॅडम, स्थळ बघताय का?" मग रावेरहून उत्तर आलं: "डिंपलअक्का. अख्खा केळीपट्टा ओळखतो."

दोन दिवसांनी मी रावेरला गेले. डिंपलअक्का नुकत्याच पन्नाशीला पोचल्या होत्या. एका मळ्याच्या कडेला शेडमध्ये केळीचं पॅकिंग चाललं होतं. घड कापून आणायचे, फण्या सुट्या करायच्या, धुवायच्या, खोक्यात भरायच्या. वीसेक माणसं होती आणि सगळी अक्कांच्या तोंडाकडे बघून काम करत होती.

"नाव कोणी ठेवलं?" मी विचारलं.

"वडलांनी. सिनेमे फार बघायचे."

"आता शोभतं का तुम्हाला?"

"ते ट्रकवाल्यांना विचारा. नवीन ड्रायव्हर असला की फोनवर हसतो, डिंपल मॅडम बोलतात का म्हणून. मग गाडी दोन तास उशिरा आणतो आणि इथे येऊन मला भेटतो. त्यानंतर हसत नाही."

शेडमधून कोणीतरी ओरडलं, "अक्का, गाडी लागली!"

"लागली तर लागू दे, खोकी कुठे भरलीत अजून?" अक्का तिकडे ओरडल्या आणि परत माझ्याकडे वळल्या. "लग्नात बदललं होतं हो माझं नाव. रेखा ठेवलं होतं. मालक दोन महिने रेखा रेखा करत होते, मी ओच देत नव्हते. शेवटी दमले."

मालक म्हणजे नवरा. मी हसले आणि लिहून घेतलं.

दुसऱ्या भेटल्या त्या जळगावातच. डाळमिलवाल्या एका मारवाडी कुटुंबातल्या, साठीच्या. नाव स्वीटी. त्यांनी मला आधी शेव खायला लावली, मग बोलल्या.

"घरात मला सगळे मम्मीजी म्हणतात. नातवंडं दादी म्हणतात. स्वीटी मी फक्त बँकेत असते. नवीन कॅशियर नाव वाचतो आणि मान वर करून बघतो. मी पण त्याच्याकडे बघते."

"मग?"

"मग तो खाली बघतो."

मजकूर चांगला जमला. शुक्रवारी पान लावताना मात्र खालच्या कोपऱ्यात एक जाहिरात आली. जाहिरात आली की मजकूर कमी होतो, यावर वाद नसतो. सात ओळी कापायच्या होत्या. डिंपलअक्कांचं लग्नातल्या नावाचं बोलणं बरोबर सात ओळींचं होतं. मला ते विषयांतर वाटलं. मी ते कापलं.

मथळा दिला: ‘अनायरा पन्नाशीत शोभेल का?’ प्रश्नाखाली ‘एक आई, दोंडाईचा’. शेवटी माझा निष्कर्ष: नाव माणसाबरोबर मोठं होतं, बिनधास्त नोंदवा. त्याखाली भाऊंची शंभर नावं.

रविवारी पान गेलं आणि सोमवारी आत्या आल्या.

मी त्यांना कॉन्फरन्स रूममध्ये नेलं. तिथे त्या बसल्या. पुरवणी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला.

"आमच्या फॅमिली ग्रुपवर काल सकाळी सात वाजता हे पान आलं. माझ्या चुलत दिराने टाकलं. खाली चार हसणारी तोंडं. दुपारपर्यंत दोंडाईचाहून तीन फोन. बठ्ठा गावले माहीत शे आते, सगळ्या गावाला."

"पत्र कोणाचं हे मला सांगता येणार नाही, ताई. तो आमचा नियम आहे."

"सांगू नका. दोंडाईचात दुसरी अनायरा दाखवा. मी आत्ताच्या आत्ता परत जाते."

मी आईचं नाव काढलं होतं. गाव ठेवलं, बाळाचं वय ठेवलं, आत्या ठेवली, आत्याचं धुळं ठेवलं आणि बाळाचं नाव मथळ्यात ठेवलं. मोठ्या शहरात चालून गेलं असतं. दोंडाईचात स्टेशनपासून बाजारापर्यंत सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात. नाव झाकून चेहरा उघडा ठेवण्यातला हा प्रकार होता. तेवीस वर्षं डेस्कवर काढलेल्या माणसाकडून होऊ नये असा.

"चूक झाली," मी म्हटलं.

"तुमची झालीच. तुमचं नंतर बघू." त्यांनी पुरवणीवर बोट ठेवलं. "‘घरात विचारता येत नाही.’ हे वाचलं तुम्ही? आई गेली तेव्हा माझा भाऊ आठ वर्षांचा होता. मी वाढवला त्याला. माझ्या लग्नानंतर दर शनिवारी धुळ्याहून डबा घेऊन जायची. त्याच्यासाठी ही मुलगी मी बघून आणली. बारसं मी केलं. आणि ती मला विचारायचं सोडून पेपरला विचारते? मी काय खाते का तिला?"

मग पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तसला एक प्रश्न विचारला.

"अनायरा हे नाव तुम्ही कसं निवडलंत?"



"मी कॉलेजात हेडक्लार्क आहे. अ‍ॅडमिशनच्या वेळी काउंटरला असते. पोरगी येते, मी विचारते, नाव सांग. काही पोरी खणखणीत सांगतात. काहींचा आवाज नावाला आला की बारीक होतो. मला लगेच कळतं."

"कसं?"

"मंगला हे माझं लग्नातलं नाव. शाळेच्या दाखल्यावर मी धोंडाबाई आहे. माझ्या आधीची दोन भावंडं गेली होती. मूल जगावं म्हणून असली नावं ठेवायचे. दगडू, धोंडू. मी जगले. पण शाळेत रोज हजेरी व्हायची ना. नंतर भाऊ झाला तेव्हा भीती गेली होती, त्याचं चांगलं ठेवलं."

"आणि लग्नात मंगला."

"ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नाव लिहितो, तसं. बाकीच्या पोरींच्या डोळ्यांना पाणी येतं तेव्हा. मी हसत होते. मामी कानात म्हणाली, तोंड खाली कर, लोक बघताहेत." त्या पहिल्यांदा थोड्या हसल्या. "भावाला मुलगी झाली तेव्हा ठरवलं, हिचं नाव सांगताना कोणाचा आवाज बारीक होऊ नये. कॉलेजच्या याद्या चाळल्या. मोबाइलवर बघितलं. महिनाभर शोधत होते मी."

चहा आला. संभाषण चालू ठेवायला म्हणून मी विचारलं, "तुमच्याकडे अजून बदलतात का नावं लग्नात?"

"बदलतात की. सुवर्णाचं बदललं. माझ्या भावजयीचं. मीच सुचवलं ते."

"आधी काय होतं?"

"ट्विंकल."

कप त्यांच्या हातातच राहिला.

"मंडपात आमच्याकडची माणसं हसायला लागली होती," त्या म्हणाल्या, आता हळू. "एक काका मोठ्याने म्हणाले, हे काही आपल्या घराला शोभत नाही. मला वाटलं, पोरगी यातून सुटली पाहिजे. मी भावाच्या कानात सांगितलं, सुवर्णा लिही. चांगलं भारदस्त नाव. मी तिला सोडवलं होतं हो."

त्यांनी कप खाली ठेवला आणि पुरवणी जवळ ओढली. प्रश्न पहिल्यापासून वाचला. मी समोरून बघत होते. त्यांचं बोट एका ओळीवर येऊन थांबलं. ‘सासरी गेली, तर लोक काय म्हणतील?’

ती ओळ मीसुद्धा वाचली होती. मेसेज आला तेव्हा, टाइप करून घेताना आणि पान सोडताना. तिन्ही वेळा मी ‘शोभेल का’ या शब्दांपाशी थांबले होते.

"तिला आवडलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

"पत्र कोणाचं ते मला सांगता येत नाही."

"ते मघाशीच सांगितलं तुम्ही."

"तुम्ही तिला विचारलं होतं?"

"लग्नात कोण विचारतं? मला कोणी विचारलं होतं?" आणि मग थोड्या वेळाने: "पण मला आवडलं होतं."

त्या उठल्या. पुरवणीच्या परत चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवली. दाराशी थांबल्या.

"शोभेल म्हणून छापलंय तुम्ही."

"हो."

"कोणाला विचारून?"

"रावेरच्या डिंपल आणि इथल्या स्वीटी."

"आणि ट्विंकलला?"

त्या धुळ्याच्या बसला गेल्या.

मी भाऊंच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये अडवलं नाही.

"खुलासा द्यायचा का?" त्यांनी विचारलं. खुलासा म्हणजे चूक कबूल करणारी चार ओळींची चौकट.

"नको. खुलासा दिला तर ते पान न वाचलेल्यांनाही कळेल."

"बरोबर. पत्रवालीचं नाव काय होतं?"

"विचारलं नव्हतं. छापायचं नव्हतं ना."

"छापायचं नाही म्हणून विचारायचं नाही?" भाऊंचा आवाज चढला नाही, पण ते टाइप करायचे थांबले. "लपवायचं काय हे आधी माहीत असावं लागतं. नाव विचारलं असतंत तर तिथेच कळलं असतं तुम्हाला. ट्विंकल म्हणाली असती, किंवा सुवर्णा म्हणून थोडी अडखळली असती. जिचं नाव शोभत नाही म्हणून काढून घेतलं तीच शोभेल का विचारतेय. ही बातमी होती. तुम्ही यादी छापलीत."

यादी त्यांची होती. ते मी बोलले नाही. बाकी सगळं खरं होतं.

दुपारी मी त्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर फोन केला. तिने दुसऱ्या रिंगला उचलला. मी कोण ते सांगितलं, माफी मागितली.

"मॅडम, कालपासून सासरे बोलत नाहीत. मिस्टर बोलतात, पण भिंतीकडे बघून." आवाज शांत होता. मागे बाळ काहीतरी आपटत होतं. "म्हणजे तसं बरंच झालं. मला सांगायची हिंमत नव्हती. आता सगळ्यांना माहीत झालं."

"मेसेजमध्ये तुमच्या आधीच्या नावाचं का नाही लिहिलंत?"

"ट्विंकल? तुम्ही हसला असता."

मी नाही हसले असते, असं म्हणणार होते. पण दोन आठवड्यांपूर्वी आमचा सगळा स्ट्रिंगर ग्रुप डिंपल आणि पिंकीवर हसला होता आणि मीही त्यात होते.

"माहेरी मी अजून ट्विंकलच आहे," ती म्हणाली. "आधारवर, डिग्रीवर ट्विंकल. इथे पाच वर्षं सुवर्णा. पहिलं वर्षभर कोणी सुवर्णा म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायची, कोण आलं म्हणून. अनायरा नाव मला आवडतं, मॅडम. ताईंनी किती प्रेमाने शोधलं ते मला माहीत आहे. फक्त ते टिकेल का, एवढंच विचारायचं होतं. माझं नाही टिकलं."

"मग ‘शोभेल का’ असं का विचारलंत?"

"मंडपात तेच म्हणाले होते ना. शोभत नाही."

मी तिला एवढंच सांगितलं की एक ताई येऊन गेल्या, मी कोणाचंही नाव घेतलं नाही. ती म्हणाली, "ताई गुरुवारी इकडे येताहेत. सुटी टाकली म्हणे." आवाजात भीती होती. मी तिला काही धीर देऊ शकले नाही. तेवढा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता.

गुरुवारी काय झालं ते मला नंतर दोघींकडून वेगवेगळं कळलं. तपशील जुळतात.

मंगलाताई सकाळी साडेनऊला पोचल्या. पाणी प्यायल्या. सासऱ्यांना म्हणाल्या, "नाना, मी आणि ही जरा नगरपालिकेत जाऊन येतो." वडलांना त्या नाना म्हणतात. सुवर्णाला म्हणाल्या, "आधार घे." घरात पत्राचा विषय निघाला नाही. रिक्षातही नाही. बाळ आत्याच्या मांडीवर होतं.

काउंटरवर गर्दी होती. नंबर आल्यावर क्लार्कने जन्माची नोंद काढली. मंगलाताईंनी फॉर्म घेतला, पेन काढलं आणि भावजयीकडे बघितलं.

"सांग. काय टाकू?"

मागे रांग.

"ताई, लवकर," क्लार्क म्हणाला.

"थांबा हो. तिला विचारते आहे मी."

शेवटी ती म्हणाली, "अनायराच टाका."

"माझ्यासाठी म्हणतेस का?"

"नाही. मला आवडतं. पण ताई, लग्नात बदलायचं नाही."

क्लार्कने मान वर केली. "मॅडम, ते या फॉर्ममध्ये येत नाही."

रांगेतले दोघे-तिघे हसले. मंगलाताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते मी बघीन. तुम्ही तुमचं काम करा."

काम तिथे संपलं नाही. क्लार्कने आधार कार्ड बघितलं, नोंद बघितली आणि विचारलं, "आईचं नाव इथे सुवर्णा आहे. आधारवर ट्विंकल आहे. बाई एकच ना?"

बाळंतपणात दवाखान्यात घरच्यांनी सुवर्णा सांगितलं होतं, तेच नोंदीत गेलं होतं. अशा वेळी लोक दोन गोष्टी करतात. काही जण आधार बदलून घ्यायला पळतात. काही जण ‘चालतं हो’ म्हणून सोडून देतात आणि मूल शाळेत घालताना रडतात. मंगलाताई हेडक्लार्क होत्या. त्यांना फॉर्म माहीत होते.

"आधारवरचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीचा अर्ज द्या."

अर्ज त्यांनीच भरला. दुरुस्तीच्या अर्जात दोन ओळी शेजारी शेजारी असतात. ‘चुकीची नोंद’ यापुढे त्यांनी लिहिलं, सुवर्णा. ‘बरोबर नोंद’ यापुढे लिहिलं, ट्विंकल. मग कागद भावजयीपुढे सरकवला. "सही कर."

"मी विचारलं, ताई, कोणती सही करू?" ट्विंकलने मला फोनवर सांगितलं. "ताई म्हणाल्या, दोन आहेत का तुझ्या? कॉलेजातली कर."

दुरुस्तीला आणखी दोन चकरा लागल्या, एक प्रतिज्ञापत्र लागलं. महिन्याभराने नवीन दाखला मिळाला. बाळाचं नाव अनायरा, आईचं नाव ट्विंकल. तिने मला फोटो पाठवला. मी तो बघितला, अभिनंदन कळवलं आणि फोटो फोनमधून काढून टाकला.

घरात सगळं बदललं असं नाही. सासरे अजून सुवर्णा म्हणतात, नातीला नुसतं ‘बाई’ म्हणतात. नवरा चारचौघांत कोणत्याच नावाने हाक मारत नाही, ‘अगं’ म्हणतो. मंगलाताई मात्र ट्विंकल म्हणतात. सुरुवातीला त्यांची जीभ अडखळायची, असं ट्विंकल म्हणाली. आता नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. अनायरा पन्नाशीची होईल तेव्हा तिला ते नाव शोभतं की नाही, हे बघायला मी नसेन. डिंपलअक्कांच्या कापलेल्या सात ओळी मात्र माझ्या वहीत अजून आहेत. दोन महिने ओ दिली नाही म्हणून त्यांचं नाव राहिलं होतं. नाव माणसाबरोबर आपोआप मोठं होतं, असा निष्कर्ष मी काढला होता. माझ्याच वहीत त्याच्या उलट लिहिलेलं होतं.

त्या आठवड्यापासून डेस्कवर एक वही सुरू झाली. ज्यांचं नाव छापायचं नाही अशा प्रत्येक पत्रलेखकाला फोन करायचा, पूर्ण नाव विचारायचं, वहीत लिहायचं आणि वही भाऊंच्या कपाटात ठेवायची. नंतर पानावर आणखी काय काय झाकायला हवं ते ठरवायचं. मी निवृत्त झाले तेव्हा वही तिसरी चालू होती.

हा लेख लिहिण्याआधी मी दोघींना फोन करून परवानगी घेतली. यातली सगळी नावं बदललेली आहेत, बाळाचंसुद्धा. गावही दुसरं आहे. या वेळी नावं आधी विचारली आणि मग बदलली.